डोंगराची जकात

रमजानच्या महिन्यात ओवे गावाला सूर्याच्या आधी जाग येते. सहरीची वेळ संपत आली की घराघरांतून भांड्यांचे आवाज येतात, कोणी शेवटचा घोट पाणी पितो, कोणी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे नजर टाकतो. आभाळाच्या कडेला पहिली पांढरी रेघ उमटली की रोजा सुरू होतो. ही रेघ ज्याच्यामागून वर येते तो डोंगर खारघर-तळोजे भागातल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डावीकडे चंदेरीचा सुळका, मग पेब, मधोमध टेबलासारखा लांबलचक सपाट माथेरान, उजवीकडे प्रबळगड आणि त्याच्याही पलीकडे इरशाळगड. संध्याकाळी सूर्य बरोबर उलट्या बाजूला, खारघरच्या डोंगराआड जातो आणि इफ्तार होतो. म्हणजे ओवे गावातला रोजा एका डोंगरावर सुरू होतो आणि दुसऱ्या डोंगरावर सुटतो.

दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीवर आता उंच इमारती आहेत, मेट्रो आहे, महानगरपालिका आहे. येथे राहणारा माणूस पूर्वेचा डोंगर रोज पाहतो, पावसाळ्यात तेथे फिरायलाही जातो. त्या डोंगरावर राहते कोण, आणि आपले त्यांच्याशी नाते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला पडतो. रमजान हा हिशेबाचा महिना. वर्षभर काय कमावले, त्यात दुसऱ्याचा वाटा किती, हे या महिन्यात मोजायचे असते. तोच हिशेब या डोंगराबाबत मांडून पाहण्यासारखा आहे.

माथ्यावरचे रान

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर उंच, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून कोकणात एकटा उभा राहिलेला हा डोंगर. खाली काळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर. वर जांभ्याची टोपी. माथेरानहून परतलेल्या प्रत्येकाच्या चपलांना लागलेली लाल माती या जांभ्याची. माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजन यांची दाट सावली, फांद्यांवरून पळणारे शेकरू आणि चारी बाजूंना तुटलेले कडे. हे कडे म्हणजेच पर्यटकांचे ‘पॉइंट’.

पावसाळ्यात समुद्रावरून येणारे ढग पहिल्यांदा अडतात ते याच भिंतीला. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस येथे पडतो. तो सगळा खाली येतो. पूर्वेकडचे पाणी नेरळच्या बाजूने उल्हास नदीला मिळते आणि पश्चिमेकडचे पनवेलकडे वाहते. पनवेल शहरातून जाणारी गाढी नदी याच डोंगराच्या अंगावर जन्मते. तिच्यावर गाढेश्वरजवळ देहरंगचे धरण आहे. पनवेल नगरपालिकेने आपल्या शहरासाठी बांधलेले हे धरण आजही शहराची तहान भागवायला हातभार लावते. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात इफ्तारच्या दस्तरखानावर ठेवलेल्या तांब्यात, किंवा शेजारच्या आळीत देवापुढे ठेवलेल्या गडूत जे पाणी असते, त्यातले काही थेंब प्रबळ आणि माथेरानच्या कड्यांवरून आलेले असतात.

गंमत अशी की पाणी खाली पाठवणारा हा डोंगर उन्हाळ्यात स्वतः तहानलेला असतो. कातळाचा उतार पाणी धरून ठेवत नाही. माथेरानमध्ये शार्लोट तलाव आहे, तरी उल्हास नदीचे पाणी पंपाने पुन्हा वर चढवावे लागते. माथ्यावरच्या गावासाठी निदान तेवढी सोय झाली. उतारावरच्या वाड्यांतल्या बाया मात्र मार्च-एप्रिल उजाडला की हंडे घेऊन झरे शोधत उतरतात आणि भरले हंडे डोक्यावर घेऊन चढतात.

वाड्यांवरची माणसे

या वाड्या म्हणजेच डोंगराची खरी वस्ती. कड्याखाली एखादा सपाट टप्पा असतो, त्याला माची म्हणतात. त्या माचीवर वीस-तीस घरे. राहणारे बहुतेक ठाकर, खालच्या अंगाला कातकरी, आणि गुरे राखणारे धनगर. ठाकर उतारावर नाचणी आणि वरी पिकवतो, खाचरात भात लावतो, रानातून करवंदे-जांभळे आणून विकतो. धनगरांच्या म्हशींचे दूध पूर्वीपासून माथेरानला जात आले आहे. पनवेल तालुक्यातले धोदाणी हे गाव तर माथेरानच्या अगदी पश्चिम पायथ्याशी आहे. तेथून निघालेली पायवाट सनसेट पॉइंटवर चढते. माथ्यावरच्या बाजाराला लागणारे दूध, भाजीपाला डोक्या-खांद्यावर घेऊन या वाटेने चढणाऱ्या माणसांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या घडलेले आहेत. शहरातला माणूस जेथे ‘ट्रेक’ करतो, तेथे यांचे रोजचे येणे-जाणे असते.

कातकऱ्यांची कहाणी त्यांच्या नावातच आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या काळात जंगले सरकारने राखीव केली आणि कात पाडण्याचा धंदा त्यांच्या हातून गेला. मग कोळसा पाडणे आले, मजुरी आली, वीटभट्टी आली. आजही दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते ती याच कारणाने. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष दुर्बल ठरवल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. बाकीच्या दोन जमाती विदर्भातल्या आणि लगतच्या भागातल्या. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही कातकरी या यादीत आहेत, ही गोष्ट शहराने एकदा थांबून लक्षात घ्यावी अशी आहे.

जमिनीचा प्रश्नही तसाच. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात आदिवासींना उतारावर राब भाजून पीक घेण्यासाठी वनातले तुकडे देण्यात येत. त्यांना ‘दळी’ म्हणतात. दळी कसायला मिळाली, पण मालकी मिळाली नाही. २००६ साली वनहक्क कायदा आला तेव्हा या दळ्यांना पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला. पट्टे मिळवण्यासाठी रायगडच्या आदिवासींना त्यानंतरही मोर्चे काढावे लागले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

साहेब आला, गाडी आली

शाळेच्या पुस्तकात माथेरानचा इतिहास १८५० पासून सुरू होतो. त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावी मुक्कामाला होते. समोरचा डोंगर पाहून ते वर चढले आणि तिथल्या गारव्यावर खूश झाले. यालाच माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. ज्या रानात धनगरांची गुरे चरत होती आणि ठाकरांच्या पायवाटा होत्या, त्याचा शोध साहेबाने लावला! पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, बंगले उठले, पारशी, बोहरी, गुजराती शेठिये आले. बाजार बसला. देऊळ, मशीद, चर्च, अग्यारीवाल्यांचे बंगले असे सगळ्यांचे मिळून एक छोटे गाव माथ्यावर तयार झाले.

मात्र या साऱ्यांना वर यायचे तर एकतर घोड्यावरून किंवा माणसांच्या खांद्यावरून. हा त्रास कमी केला तो मुंबईच्या एका मुसलमान कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय हे बोहरी व्यापारी. गरिबीतून वर आलेले, लष्कराला तंबू आणि बूट पुरवून मोठे झालेले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान ही रेल्वे बांधायला घेतली. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. दोन फुटांची अरुंद रूळपट्टी, सुमारे एकवीस किलोमीटर वळणे-वळणे, आणि त्या काळचे सोळा लाख रुपये. सगळा पैसा पीरभॉय कुटुंबाचा. आज झुकझुक गाडीत बसणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक नसते, पण माथेरानचे पोट एकशे वीस वर्षे ज्या वाटेने भरले ती वाट त्यांनी घातली.

गाडी मात्र डोंगराच्या मर्जीने चालते. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला. तो पूर्ववत व्हायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि नेरळपासूनची पूर्ण फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दर पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. फक्त अमन लॉज ते माथेरान एवढाच छोटा टप्पा चालू राहतो. गाडी बंद पडते तेव्हा ओझे पुन्हा माणसाच्या आणि घोड्याच्या पाठीवर येते.

हमाल हा शब्द

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढचे दोन-अडीच किलोमीटर चालत, घोड्यावर, गाडीने, किंवा पूर्वी हातरिक्षातून. रान वाचले ते याच नियमामुळे. पण त्याची किंमत कोणी दिली? सिलिंडर, सिमेंट, तांदूळ, गाद्या, पर्यटकांच्या बॅगा, आजारी माणसे, बाळंतिणी, सगळे कोणाच्या तरी अंगावरून गेले.

‘हमाल’ हा मराठीत मुरलेला शब्द मूळचा अरबी. वाहून नेणारा तो हमाल. दस्तुरी नाक्यावर बॅगांसाठी पुढे येणाऱ्या माणसांत ठाकर आहेत, कातकरी आहेत, मराठे आहेत, मुसलमान आहेत. रमजानात रोजा ठेवून घोड्यामागे धावणारा घोडेवाला आणि एकादशीचा उपास धरून रिक्षा ओढणारा रिक्षावाला एकाच चढावर भेटत. दोघांची तहान सारखीच.

माथेरानच्या हातरिक्षाला तीन माणसे लागत. एक पुढे ओढायचा, दोघे मागून रेटायचे. उतारावर तेच तिघे आपल्या अंगाच्या वजनाने ती अडवून धरायचे. असे चौऱ्याण्णव परवाने होते. बऱ्याच रिक्षावाल्यांना हे काम नको होते. त्यांनीच ई-रिक्षाची मागणी केली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. घोडेवाल्यांना वाटले, ई-रिक्षा आली तर आपला घास जाईल. पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांना वाटले, आज ई-रिक्षा, उद्या मोटार. तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही खरे होते. २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, निकाल दिला: माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानवी आहे, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, हातरिक्षावाल्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. उरलेल्या ई-रिक्षा द्यायच्या तर त्यात आदिवासी महिलांचाही विचार व्हावा, असेही न्यायालयाने सुचवले.

या निकालात एक बारीक पण मोठी गोष्ट आहे. प्रथा बंद करा एवढेच सांगून न्यायालय थांबले नाही. ज्याचे काम जाणार त्याच्या हाती दुसरे काम द्या, असेही सांगितले. नुसती दया दाखवणे आणि हक्क देणे यात फरक असतो, तो हाच.

डोंगर खचतो तेव्हा

माथेरानच्या दक्षिणेला, मॅलेट साहेबाने मुक्काम केला त्या चौक गावाच्या वर इरशाळगड आहे. त्याच्या अंगावर इरशाळवाडी होती. ठाकरांची वाडी, गाडीरस्ता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री कडा सुटला आणि झोपलेल्या वाडीवर आला. त्याआधीच्या तीन दिवसांत जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. यंत्रे वर नेता आली नाहीत. जवानांनी, गिर्यारोहकांनी, आसपासच्या तरुणांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. मदतीसाठी निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला गेला आणि वाडीची जागाच त्यांची कबर झाली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. वाचलेल्यांसाठी खाली, चौकजवळ सिडकोने चव्वेचाळीस घरे बांधली.

हे दुःख एका डोंगराचे नाही. मुसलमान म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे वाळवंट येते. पण जगात सर्वाधिक मुसलमान ज्या देशात आहेत तो इंडोनेशिया डोंगर आणि पावसाचा देश आहे. सुमात्रा बेटाच्या उत्तरेला आचे प्रांतात गायो लोकांचे पठार आहे. ताकेंगोन हे तिथले मुख्य गाव, त्याच्या काठाला डोंगरांनी वेढलेले मोठे तळे आणि उतारांवर कॉफीचे मळे. जगभरच्या महागड्या दुकानांत ही कॉफी विकली जाते, ती पिकवणारे मात्र लहान लहान तुकड्यांचे शेतकरी. रमजानात तिथेही पहाटेच्या धुक्यात सहरी होते. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर चक्रीवादळाच्या पावसाने त्या भागात दरडी कोसळल्या, पूल वाहून गेले आणि पठारावरची गावे कित्येक दिवस जगापासून तुटली. इरशाळवाडीत ठाकर होते, गायो पठारावर मुसलमान आहेत. डोंगराने दोघांनाही तेच दिले आणि दोघांकडून तेच घेतले. सपाटीवरच्या माणसांनीही दोन्हीकडे सारखेच केले: डोंगरावरून येणारे घेतले आणि डोंगरावर राहणाऱ्याला विसरले.

जकात म्हणजे काय?

मराठी माणसाला ‘जकात’ म्हटले की जकात नाका आठवतो. रस्त्यात आडवा बांबू, ट्रकांची रांग, पावती. शब्द तोच, पण रमजानमध्ये द्यायची जकात वेगळी. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेहून जास्त शिल्लक वर्षभर राहिली, त्याने तिच्यातला अडीच टक्के भाग गरजवंतांना द्यायचा. ईदच्या नमाजाआधी द्यायचा तो फित्रा. त्याखेरीज स्वखुशीने द्यायचा तो सदका. सदका कोणत्याही धर्माच्या गरजवंताला देता येतो. जकातीमागचा विचार असा की शिल्लक पैशात गरिबाचा वाटा आधीपासूनच असतो. देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचे होते ते परत करतो. ‘हक्क’ हाही शब्द मूळचा अरबीच. उर्दूत हक म्हणजे अधिकार आणि हक म्हणजे सत्यही.

आता डोंगराचा हिशेब मांडा. पाणी त्याचे, गारवा त्याचा, सुट्टीची मजा त्याची, दुधाची किटली आणि करवंदाची पाटी त्याची. ओझे त्याच्या माणसांच्या पाठीवर. मग सपाटीवर राहणाऱ्याच्या शिल्लकीत डोंगराचा वाटा नाही काय? हा वाटा जुने कपडे आणि फराळाची पाकिटे वाटून चुकता होत नाही. उन्हाळ्यात वाडीवर पाणी पोचणे, पावसाआधी प्रत्येक माचीची तपासणी होणे, दळीचा पट्टा वेळेवर हातात पडणे, भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा न सुटणे, हे या वाट्याचे खरे आकडे आहेत. ते मुख्यतः सरकारने द्यायचे आहेत. पण सरकारला त्याची आठवण करून देण्याचे काम मतदार म्हणून प्रत्येकाचे आहे, तो कोणत्याही धर्माचा असो.

वैयक्तिक वाटाही आहेच. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी हातावर ठेवावी, ही पैगंबरांची शिकवण मशिदींतून नेहमी सांगितली जाते. रमजानात हाताखालच्या माणसाचे ओझे हलके करावे, असेही सांगतात. मग दस्तुरी नाक्यावर बॅग उचलणाऱ्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करताना, पनवेलच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या ठाकर बाईला ‘अजून दोन घाल’ म्हणताना हे आठवायला हवे. ती पहाटे, बहुधा सहरीच्याच वेळी, डोंगर उतरून आलेली असते. तिच्या पोटात काय आहे हे कोणी विचारलेले नसते. रोजा माणसाला भूक शिकवतो म्हणतात. संध्याकाळी सुटणारी भूक शिकणे सोपे आहे. न सुटणारी भूक कोणाची, हे त्यातून कळले तर रोजा पुरा झाला.

संध्याकाळी ओवे गावात पुन्हा लगबग होते. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, सरबत. शेजारच्या हिंदू घरातून आलेले एखादे ताट. सूर्य खारघरच्या डोंगराआड उतरतो. त्या डोंगरावरही फणसवाडी आहे, चाफेवाडी आहे, आदिवासींचीच घरे. अजान होते, पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो. त्या वेळी पूर्वेकडे वळून पाहिले तर माथेरानची लांब आडवी रेघ अजून उजेडात असते, कारण उंचावरचा उजेड उशिरा मावळतो. खाली काळोख पडत असताना तेथे कोणीतरी शेवटची फेरी संपवून, पाठीवरचे ओझे उतरवून वाडीच्या वाटेला लागलेले असते. त्याची दिवसभराची मजुरी त्याला मिळाली की नाही, हेच डोंगराच्या जकातीतले पहिले देणे.